भूमिका सुधारण्याची कार्यशाळा

आमच्या संस्थेतल्या मुख्याध्यापकांनी एकदा नाटक केलं आणि त्यामुळे संस्थेचा कारभार सुधारला. हे मी कुणालाही सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, नाटक चांगलं झालं असणार. नाटक भयंकर झालं होतं. ते तसं झालं म्हणून मी आजही देवाचे, आमच्या अध्यक्षांचे आणि एका गंजलेल्या तलवारीचे आभार मानतो.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. टीव्ही नाशकात अजून पोचायचा होता, त्यामुळे ज्याला त्याला नाटकाचं वेड. आणि ज्याला वेड नाही त्याच्या घरातलं कुणीतरी नाटकात. मी पंचवटीतल्या आमच्या शाळेत मराठी शिकवायचो आणि उरलेला वेळ नाटकात घालवायचो. घरच्यांच्या मते नाटकातून उरलेला वेळ शिकवायचो. शहरात संस्थेच्या काही शाळा होत्या, एक निफाडजवळ होती, एक पार नामपूरला. संस्थेचा रौप्यमहोत्सव आला तेव्हा आमच्या चिटणीसांनी ठरवलं की मुलांची नाटकं नेहमीचीच, या वर्षी मुख्याध्यापकांचं नाटक.

चिटणीसांना सगळी संस्था काका म्हणायची, त्यांच्या थोरल्या भावासकट. नाटक ऐतिहासिक, काका राजा. नामपूरचे मुख्याध्यापक सेनापती. राजाने तलवार उपसून 'आता माघार नाही' म्हणायचं होतं. तलवार म्यानातून निघेना. काकांनी ओढली, सेनापतींनी म्यान धरून मदत केली, प्रधानांनी सेनापतींना कमरेला धरलं, आणि तलवार निघाली तेव्हा निम्मं मंत्रिमंडळ जमिनीवर होतं. सेनापतींची दाढी राजाच्या हातात आली. काका खरे कलावंत. त्यांनी दाढी उंच धरून 'आता माघार नाही' हे वाक्य म्हणून टाकलं. मुलं त्या दिवशी जेवढी हसली तेवढी पुढे कधी हसली नाहीत. पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष बसले होते. ते डॉक्टर. संपूर्ण नाटकभर त्यांचा चेहरा असा होता की जणू कुणाची तरी छाती तपासतायत आणि आत काय ऐकू येतंय ते सांगायचं नाहीये.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी काकांनी मला बोलावलं.

"मास्तर, बसा. डॉक्टरसाहेब काल मीटिंगमध्ये काय म्हणाले, कानावर आलं का?"

"नाही काका."

"म्हणाले, आपल्या प्रशासकांच्या भूमिकेत सुधारणा व्हायला हवी. सुट्टीत एक कार्यशाळा घ्या. सगळ्यांच्या देखत म्हणाले."

काकांनी बोटं मोजायला घेतली.

"आता प्रशासक म्हणजे कोण? मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि मी. आणि स्टेजवर कोण होतं? तेच की. खरं सांगा मास्तर, माझी भूमिका इतकी वाईट झाली होती?"

"तलवार अडकली, त्यात आपला काय दोष?"

"तेच म्हणतो मी. पण त्यांनी बोलून दाखवलं. आता शिकलं पाहिजे. तुम्ही नाटकवाले. कार्यशाळा तुमच्याकडे."

मला तिथेच शंका यायला हवी होती. पण कुणी नाटक शिकवायला सांगतंय म्हटल्यावर शंका काढत बसणाऱ्यांपैकी मी नव्हे. माझ्या तोंडात त्या क्षणी लाडू होता असं समजा.

मे महिना. पंचवटीतल्या शाळेचा हॉल, कोपऱ्यात वाळा घातलेला माठ, आणि छताला एकच मोठा पंखा, जो फिरताना खडखडून आपली हजेरी देत असे. कार्यशाळा हा शब्दच तेव्हा नवा. तोवर आम्ही शिबिर म्हणायचो. कार्यशाळा म्हणजे सातपूरकडे लेथ मशीन असतं ती जागा. नामपूरकर मुख्याध्यापक तर जुना शर्ट घालून आले, तेलाचे डाग पडतील म्हणून. सोबत सगळ्यांसाठी एसटीच्या टपावरून कांद्याचं पोतं आणलेलं. हॉलमध्ये मिशा, दाढ्या आणि रंगाची पेटी बघून ते माझ्याजवळ आले आणि त्यांच्या बागलाणी बोलीत हळूच म्हणाले, "आसं शे का. मग पुन्हा दाढी मीच लावू?"

पहिला धडा आवाजाचा. मी सगळ्या मुख्याध्यापकांना रांगेत उभं केलं आणि पोटातून हसायला लावलं. आधी बारीक, मग मध्यम, मग राक्षसाचं. माणूस मुख्याध्यापक झाला की हसणं विसरतो. पण एकदा आठवलं की आवरत नाही. खिडकीबाहेर पंचवटीतल्या भाजीवाल्या थांबून बघायला लागल्या. एकीने दुसरीला विचारलं, "काय झालं गं या मास्तरांना?"

"ऊन लागलं असेल," दुसरी म्हणाली. "इतक्या जणांना एकदम म्हणजे नळाच्या पाण्यातनं असेल."

जेवणानंतर निफाडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्याकडे आल्या. ज्येष्ठतेप्रमाणे आदल्या जूनमध्ये त्यांना खुर्ची मिळाली होती. नाशिकरोडकडच्या बौद्ध वसाहतीत वाढलेल्या, वडील गिरणीकामगार, वसाहतीतल्या पहिल्या बीएड. रोज एसटीने निफाडला जायच्या. चेहरा शांत आणि आवाज इतका हलका की माणसाने पुढे वाकावं.

"सर, एक विचारू? हे हसणं कशासाठी?"

"आवाज मोकळा होतो, बाई."

"आणि मिशा?"

"मिशा उद्या."

बाईंनी मिशांच्या ढिगाकडे गंभीरपणे पाहिलं. "मला वाटलं होतं, कारभाराबद्दल काही असेल."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्या पोटातलं राक्षसाचं हसू तिथल्या तिथे विरलं. अध्यक्षांच्या कानावर गेलं होतं की निफाडच्या शाळेत मुख्याध्यापिकांचं कुणी ऐकत नाही. सगळे निर्णय पर्यवेक्षक घेतात, म्हणजे त्यांच्या हाताखालचा दुसरा माणूस. अध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतलं होतं. म्हणाले होते, कार्यशाळा होऊ द्या, समारोपाला मी येतो, तेव्हा बघू. सुधारणा दिसली तर ठीक. नाहीतर जूनपासून तुम्ही पूर्वीसारखे वर्ग घ्या, खुर्ची पर्यवेक्षकांना देऊ.

"तर एवढंच सांगा सर," बाई म्हणाल्या, "हसून उपयोग होणार असेल तर मी हसते. मला येत नाही, पण शिकेन."

भूमिका. माझ्या डोक्यात तो शब्द घंटेसारखा वाजला. अध्यक्षांना खुर्चीतली भूमिका म्हणायची होती, आम्ही स्टेजवरची ऐकली. मी धावत काकांकडे गेलो. काका आरशासमोर एक झुपकेदार मिशी लावून बघत होते.

"काका, घोटाळा झाला. डॉक्टरसाहेबांना नाटकातली भूमिका म्हणायची नव्हती."

"मग कुठली?"

"कारभारातली. मुख्याध्यापकाने कसं वागावं, कसं काम करावं, ती."

काकांनी मिशी हळूहळू सोलून काढली. मला वाटलं, आता भडकणार.

"म्हणजे," ते म्हणाले, "माझा राजा त्यांना आवडला होता?"

"तसं ते म्हणाले नाहीत काका."

"पण वाईट झाला असंही म्हणाले नाहीत." आणि ते इतके आनंदले की मला वाटलं कार्यशाळेचं त्यांना आता सोयरसुतकच राहिलं नाही. मी बाईंची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र ते खुर्चीत सरळ बसले. काकांचं मला फार कौतुक वाटतं ते यासाठी. नाटक त्यांना कळत नसे, पण कुणाच्या पोटावर किंवा मानावर पाय येतोय हे चटकन कळे.

"आता डॉक्टरसाहेबांना जाऊन विचारायचं, तुम्ही काय म्हणाला होतात?" ते म्हणाले. "ते मी करणार नाही. पडदा वर गेलाय, मास्तर. आता तुम्हाला नाटकच येतं, तर नाटकच करा. फक्त राजवाडा काढा आणि मुख्याध्यापकांची खोली लावा."

या एका वाक्यासाठी मी काकांना पुढची सगळी वर्षं दिवाळीला फराळाचं ताट नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवसापासून मिशा पेटीत गेल्या. स्टेजवर एक टेबल, एक खुर्ची, एक घंटा. नियम एकच: आपली स्वतःची भूमिका कुणी करायची नाही. मुख्याध्यापकाने पालक व्हायचं, पर्यवेक्षकाने मुख्याध्यापक, काकांनी शिपाई. प्रसंग रोजचे, संवाद आपापले. काका शिपाई झाले आणि त्यांच्यात जे काही संचारलं ते राजा असताना संचारलं नव्हतं. दाराशी स्टूल टाकून ते तंबाखू मळत बसले. नामपूरकर मुलाचा दाखला मागायला आलेल्या पालकाच्या भूमिकेत.

"साहेब आहेत का?"

"मीटिंगमध्ये आहेत."

"किती वेळ लागेल?"

"मीटिंगला विचारून सांगतो."

"अहो, मी लांबून आलोय."

"सगळेच लांबून येतात. जवळचे येतात कशाला?"

"आत तर कुणीच नाही. खुर्ची रिकामी दिसतेय."

"रिकामी खुर्ची मीटिंगमध्ये आहे," काका म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकली.

नामपूरकरांचा चेहरा लाल झाला. तो अभिनय नव्हता. त्यांनी स्टूलच उचललं. "मी नामपूरहून आलोय, पहाटेची गाडी पकडून. आणि तुम्ही मला उभं ठेवता?" आम्ही मध्ये पडलो. मग ते स्टेजच्या पायरीवर बसले, घाम पुसला, आणि त्यांच्या बोलीत म्हणाले, "मना शिपाई बी आसंच बोलस." आमच्याकडे बघून त्यांनी ते पुन्हा साध्या मराठीत सांगितलं, "माझा शिपाईपण असंच बोलतो. आणि त्याला ते मीच शिकवलंय." सगळे हसले, आणि हसता हसता जरा आपापल्या पायांकडे पाहू लागले. भूमिका म्हणून जी काही चीज आहे, तिचे दोन अर्थ त्या पायरीवर पहिल्यांदा शेजारी शेजारी बसले.

बाईंचं मात्र काही जमेना. त्यांना पालक केलं तर त्यांचं वाक्य पंख्याच्या खडखडाटात विरघळून जायचं. मागून कुणीतरी 'आवाज' म्हणायचं, बाई थांबायच्या, आणि तेवढ्यात दुसरा कुणीतरी त्यांचं वाक्य पुढे न्यायचा. शेवटी त्याच म्हणाल्या, "सर, मला विंगेत द्या. प्रॉम्प्टिंग करीन."

मी सुटकेचा श्वास टाकला, हे खोटं बोलून लपवण्यात अर्थ नाही. समारोपाच्या प्रयोगासाठी संवाद आता कागदावर उतरवले होते, आणि प्रॉम्प्टर लागणारच होता. पण बाई विंगेत बसल्या आणि मी थक्क झालो. आमच्या नाटकमंडळींतले नावाजलेले प्रॉम्प्टर एकतर उशिरा बोलत किंवा इतक्या जोरात की प्रेक्षकच नटाच्या आधी वाक्य म्हणत. बाईंना समोरचा माणूस कुठे अडणार हे तो अडायच्या आधी कळे. तोंडातून नुसते पहिले दोन शब्द, अलगद, बरोबर त्या नटाच्या कानावर. त्या दोन दिवसांत आमच्या मुख्याध्यापकांचे अभिनय एवढे सुधारले की त्यांना वाटलं, हे त्यांचंच.

मुख्याध्यापकाची मुख्य भूमिका निफाडच्याच पर्यवेक्षकांना दिली होती. तेच, ज्यांना बाईंची खुर्ची मिळायची होती. तुम्हाला वाटेल, असला माणूस कावेबाज असणार. नव्हता. निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा, खांदे रुंद, आवाज असा की उसाच्या फडात एका टोकाला बोलला तर दुसऱ्या टोकाला कळावं. स्वभावाने गरीब, आवाजाने जमीनदार. स्टेजवर तो शोभून दिसायचा. फक्त एक खोड होती: समोर पालक बोलत असला तरी त्याचे डोळे विंगेकडे.

"अहो, संवाद पाठ करा की," मी एकदा म्हणालो.

"कशाला सर? बाई हायेत ना." तो मोकळेपणाने हसला. "आमचं शाळेत बी असंच चालतं. बाई सांगतात, मी बोलतो. लय भारी जमतं आमचं."

विंगेत बाई मान खाली घालून संवादांचे कागद सारखे करत होत्या. त्यांचे हात थांबले.

नामपूरकरांनी मला आधी सांगितलं होतं ते तेव्हा नीट उमगलं. त्यांची मेहुणी निफाडला दिलेली, त्यामुळे त्यांना तिकडचं ठाऊक. गावातली कमिटीची माणसं शाळेत आली की बाईंच्या टेबलासमोर बसून शेजारी उभ्या असलेल्या पर्यवेक्षकांशी बोलायची. कारणं दोन. बाई ही बाईमाणूस, हे एक. ते लोक उघड बोलत. बाई कोणत्या वसाहतीतून आल्या, हे दुसरं. ते कुणी बोलत नसे, नुसती खुर्ची थोडी मागे सरकवून बसत. मग बाईंनी वाट शोधली होती. जे करायचं ते हळूच पर्यवेक्षकांना सांगायचं, आणि ते त्यांच्या भरदार आवाजात जाहीर करायचे. कामं होत होती. आदल्या द्राक्षाच्या हंगामात मुलं खुडणीला जाऊन शाळा बुडवायला लागली, तेव्हा तेवढ्यापुरती शाळा भल्या सकाळी भरवायची ठरली, म्हणजे मुलांनी आधी शिकावं आणि मग बागेत जावं. ती कल्पना बाईंची. तालुक्यात कौतुक झालं ते पर्यवेक्षकांचं. अध्यक्षांनीही त्यांचीच पाठ थोपटली होती.

त्या संध्याकाळी सगळे गोदाकाठी फिरायला गेले. बाई एसटीची वेळ व्हायची होती म्हणून थांबल्या होत्या.

"सर," त्यांनी विचारलं, "प्रॉम्प्टरने गप्प कधी बसायचं?"

मला नाटकावर कुणी प्रश्न विचारला की मी तासभर उत्तर देतो. त्या दिवशी मात्र थोडक्यात सांगितलं. "नटाला आठवत असेल तेव्हा."

"आणि नटाला येतच नसेल तर?"

"तर प्रॉम्प्टर वाचवतो त्याला."

"दरवेळी?"

"आमच्यात एक जुनी रीत आहे बाई. प्रयोगाला नटच आला नाही, तर प्रॉम्प्टर तोंडाला रंग लावून उभा राहतो. कारण आख्खं नाटक त्यालाच पाठ असतं."

"रंग लावावाच लागतो?"

"तुम्हाला नको असेल तर नका लावू."

बाईंनी पिशवी खांद्याला अडकवली. "गाडी येईल माझी," म्हणाल्या आणि निघाल्या.

समारोपाच्या दिवशी अध्यक्ष आले. पडदा, टेबल, घंटा आणि स्टुलावर बसलेले शिपाईवेषातले आपले चिटणीस पाहून ते दारातच थबकले. काका उठले आणि भूमिकेतच म्हणाले, "या साहेब. आपल्याला थांबावं लागणार नाही." अध्यक्ष पहिल्या रांगेत बसले. चेहरा तोच, छाती तपासणारा.

प्रयोग सुरू झाला आणि बरा चालला. रिकाम्या खुर्चीच्या मीटिंगला हशा आला. मग शेवटचा प्रसंग: नामपूरकर शेतकरी पालक होऊन आले. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत पर्यवेक्षक.

"सर, माझ्या पोराचं नाव काढून टाका," नामपूरकर म्हणाले. "द्राक्ष खुडायला माणूस नाही. पोरगं बागेत लागतंय. शाळा आणि बाग एकाच वेळेला. मी काय करू?"

पुढचं वाक्य मुख्याध्यापकाचं. तेच वाक्य, सकाळच्या शाळेचं. पर्यवेक्षकांनी कान विंगेकडे केला.

विंगेत काही नाही.

मी दुसऱ्या बाजूच्या विंगेतून बघत होतो. बाईंनी कागद मांडीवर ठेवले होते, त्यावर दोन्ही हात, आणि त्या पर्यवेक्षकांकडे बघत होत्या. रागाने नव्हे. एखादी आई पोराला पहिल्यांदा एकट्याने रस्ता ओलांडायला लावते ना, तसं. पर्यवेक्षक थोडे झुकले. अजून झुकले. खुर्ची कलली. घाम त्यांच्या कानशिलावरून उतरायला लागला. नामपूरकर बिचारे सेनापती असल्यापासूनच मदतीला धावणारे, त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं, "मी काय करू सर?" आणि तरी काही नाही म्हटल्यावर स्वतःच्या मनाचं पुढे जोडलं, "कांद्याला पण असंच होतं आमच्याकडे."

पंखा खडखडत होता. माझ्या नाट्यजीवनातल्या सगळ्या शांतता मी त्या एका शांततेवरून ओवाळून टाकीन.

पर्यवेक्षक शेवटी मोठ्याने म्हणाले, "बाई, बोला ना."

हॉल हसला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी जागेवरून विचारलं, "कोणाला बोलावताय तुम्ही?"

त्या माणसाने तेव्हा जे केलं त्यासाठी मी त्याचा जन्मभर ऋणी आहे. त्याला सांगता आलं असतं की वाक्य विसरलो. तो खुर्चीतून उठला. "आमच्या बाईंना, साहेब. हे वाक्य त्यांचंच हाय. म्हणजे नाटकातलं नाय... सकाळची शाळा त्यांनीच काढली. मी फक्त बोललो. मला नाय येत पुढचं."

बाई विंगेतून बाहेर आल्या. रंग नाही, कागद नाही. पर्यवेक्षक खुर्चीपासून दोन पावलं मागे झाले. हे नाटकात लिहिलेलं नव्हतं. बाई बसल्या नाहीत. टेबलावर हात टेकून नामपूरकरांशी बोलायला लागल्या. ओठ हलताना दिसले. मागून कुणीतरी सवयीने 'आवाज' म्हणालं.

आणि मग शिपाई उठला. काका आपल्या स्टुलावरून उठले, भिंतीपाशी गेले आणि पंख्याचं बटण बंद केलं. मे महिन्यात, भर दुपारी, सगळ्या मुख्याध्यापकांच्या डोक्यावरचा पंखा. पाती हळू होत होत थांबली.

मग बाई ऐकू आल्या. आवाज तेवढाच होता, तसूभरही वाढलेला नव्हता. त्या नामपूरकरांना विचारत होत्या, बाग किती लांब आहे, पोरगं किती वाजता उठतं, घरात आणखी कोण शिकतं. कुणाच्या गावात खुडणी असेल, कुणाच्या गावात कांदा, तेवढ्यापुरती शाळा सकाळी भरवता येते. फक्त मास्तरांची आदली गाडी धरायची तयारी हवी, आणि ती आधी आपण स्वतः धरून दाखवावी लागते. त्या बोलत होत्या आणि आम्ही घामाने निथळत होतो, पण पंखा लावा असं कुणी म्हणालं नाही. नामपूरकर तर आपण नाटकात आहोत हे विसरूनच गेले. म्हणाले, "बाई, कांद्याच्या वेळेला आमच्याकडे या ना एकदा. समजावून सांगा आमच्या लोकांना."

"येईन," बाई म्हणाल्या. "पोराचं नाव काढू नका."

नाटक तिथे संपलं. पडदा ओढायचं मीच विसरलो.

चहाच्या वेळी अध्यक्षांनी काकांना बाजूला घेतलं. मी मुद्दाम किटलीजवळ घोटाळत होतो.

"ही कार्यशाळा प्रशासनाची होती ना?"

"भूमिकेची होती, डॉक्टरसाहेब. आपणच म्हणाला होता." काकांनी शिपायाची टोपी सारखी केली. "आणि माझा राजा आपल्याला कसा वाटला होता, ते राहूनच गेलं विचारायचं."

अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्या मिशांच्या पेटीकडे. सगळं त्यांच्या ध्यानात आलं असावं. आम्ही त्यांना हसताना त्या दिवशी प्रथम पाहिलं. कप खाली ठेवावा लागला त्यांना. "शिपाई चांगला झाला," ते म्हणाले. काका त्यावर कितीतरी वर्षं जगले.

मग ते बाईंपाशी गेले. अध्यक्ष वाकले, बाईंशी बोलताना वाकावं लागतं हे त्यांना एवढ्यात कळलं होतं. "बाई, हंगामात शाळा सकाळी भरवणार असाल तर मला आधी कळवत चला. पर्यवेक्षकांच्या मार्फत नको. तुम्ही स्वतः." बाकी काही बोलले नाहीत. खुर्ची बाईंकडेच राहिली होती. पर्यवेक्षकांनी इतका मोठा सुस्कारा टाकला की नामपूरकर दचकले. "बरं झालं बुवा," पर्यवेक्षक मला म्हणाले, "मला रात्री झोप नव्हती. खुर्ची दिली असती तर पुढचं वाक्य कुठून आणणार होतो मी?"

बाई निवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीत होत्या. मी अधूनमधून निफाडला जायचो, द्राक्षांचं निमित्त काढून. त्यांच्या खोलीत टेबलफॅन होता. कमिटीचा कुणी आला आणि सवयीने पर्यवेक्षकांकडे तोंड करून बोलायला लागला, की पर्यवेक्षक एक अक्षर न बोलता टेबलफॅनचं बटण बंद करायचे. खोली शांत व्हायची. पाहुण्याला घाम फुटायचा. मग त्याला खुर्ची पुढे ओढावीच लागायची, कारण बाई बोलायला लागलेल्या असायच्या.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मलाच शहरातल्या एका शाळेचा मुख्याध्यापक केलं. माझ्यासारख्या नाटक्याला ही भूमिका मिळावी म्हणून अध्यक्षांकडे शब्द टाकला होता तो बाईंनी, हे मला काकांकडून कळलं. पहिल्याच आठवड्यात त्या मला भेटायला आल्या. मी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि त्या बोलायला लागणार एवढ्यात मोठ्या तोऱ्यात उठून पंखा बंद केला.

बाईंनी हात वर केला. "राहू द्या सर, मी मोठ्याने बोलेन आज. आणि एक सांगू? तुम्ही तुमच्या खोलीत पंखा कधी बंद करत जाऊ नका."

"का?"

"तुमचा आवाज सगळ्या इमारतीत ऐकू येतो. पंखा असला तर तुमच्या शिक्षकांना मध्ये एखादं वाक्य बोलता तरी येईल."

मी पंखा लावला. मुख्याध्यापक आहे तोवर तो चालूच राहील, वीज जाईल तेवढाच वेळ सोडून. आणि वीज गेली की शाळेतले शिक्षक एकमेकांकडे बघून हसतात, कशाला ते मला माहीत आहे.